‘परखड’ यांना उत्तर : गंध नाही तर नाही

परखड,

करार न वाचता ‘मान्य आहे’ दाबलं म्हणून अमेरिकी ग्राहकाला त्यातल्या प्रत्येक अटीत अडकवू नये, असं मी या ब्लॉगवर लिहिलं होतं. तुम्ही प्रतिक्रियेत म्हणता, ‘लेखकाला कायद्याचा गंध नाही, कुणी वाचत नाही हे कार्ल लुएलिन या अमेरिकी कायदेपंडितानं १९६०लाच गृहीत धरलंय.’

आधी चूक कबूल. कन्सेप्शियन खटल्याचा (एका ग्राहक दांपत्याचा मोबाइल कंपनीशी, अमेरिकी सुप्रीम कोर्टात गेलेला) निकाल २०११चा, मी २०१० लिहिलं. सुनावणी २०१०च्या नोव्हेंबरातली, तिथं घसरलो.

पण ‘गंध नाही’? माझे वडील साताऱ्यात कोर्टाबाहेर दस्त लिहायचे. अंगठा घेण्याआधी अख्खा दस्त मोठ्यानं वाचायचे, म्हातारी पेंगली तर पुन्हा पहिल्यापासून. शाईचा पॅड तोवर बंद. त्या टेबलाखाली बसून मी लहानाचा मोठा झालो. इथं न्यू जर्सीत एका जिमनं सदस्यत्व रद्द केल्यावरही सात महिने पैसे कापले. करार काढला तर मागच्या पानावर फिकट राखाडी अक्षरात कलम : तक्रार लवादाकडे, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे, तीही एकेकट्यानं. हा गंध तुम्हाला पुस्तकात आला नसेल, माझा इलाज नाही.

आणि लुएलिन सांगायचा तर पूर्ण सांगा. न वाचलेल्या अटींना त्यानं सरसकट संमती धरली, पण त्या अवाजवी किंवा अनुचित नसतील तरच. हे शेपूट तुम्ही सोयीनं कापलंत. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटनं २०२२ साली ग्राहक-करारांचं रीस्टेटमेंट (कायद्याच्या तत्त्वांची कायदेतज्ज्ञांनी केलेली मांडणी) मंजूर केलं म्हणून ‘वाद मिटला’ म्हणता. त्यातला सौदा काय? संमती सहज धरा, अन्याय्य अटी नंतर कोर्ट तपासेल. पण कोर्टात पोचणार कोण? कन्सेप्शियन दांपत्याला ‘फुकट’ फोनवर ३०.२२ डॉलर विक्रीकर लागला. एवढ्याशा पैशासाठी एकट्यानं कोण भांडेल? सर्वांनी मिळून दावा लावायचा, तर सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ‘एकेकट्यानंच या’ म्हणणाऱ्या लवादाच्या कलमाची बाजू घेतली. तपासणीचं दार दाखवायचं आणि कडी लावायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा, कायद्याचे जाणकार तुम्ही.

अशा अटी काढल्या तर किमती वाढतील वगैरे तुमचा मुद्दा जुनाच आहे, त्यात शिरत नाही.

राहिला तुमचा टोमणा, की या ब्लॉगच्या अटी तरी मी वाचल्या होत्या का. नाही वाचल्या. तुम्ही वाचल्यात?