मर्केलबाईंनी बोलावलं म्हणून सिरियन आले?

"2015 साली जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी दार उघडलं, म्हणून लाखो सिरियन जर्मनीत आले. कायदे कडक ठेवले असते तर कुणी आलंच नसतं." हा दावा युरोपात गेली दहा वर्षं चालू आहे आणि आपल्याकडच्या ग्रुपांवरही ठासून सांगितला जातो.

आधी तारखा बघा. "आपण हे करून दाखवू" हे मर्केल यांचं वाक्य 31 ऑगस्टचं. जर्मन गृहमंत्री थोमास द मेझिएर यांनी मात्र यंदा 8 लाख लोक येतील असा अंदाज 19 ऑगस्टलाच जाहीर केला होता. त्या एका महिन्यात ग्रीसच्या किनाऱ्यावर लाखाहून जास्त माणसं बोटींतून उतरली. हंगेरीत बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवर कित्येक दिवस अडकून पडलेली माणसं 4 सप्टेंबरला पोरंबाळं घेऊन महामार्गावरून ऑस्ट्रियाच्या दिशेने पायीच निघाली, आणि त्यांना येऊ द्यायचा जर्मनी-ऑस्ट्रियाचा निर्णय त्याच रात्री झाला. पुढे ऑक्टोबरपर्यंत आकडा आणखी चढला, हे खरं. त्यात जर्मनीतल्या स्वागताचा काही वाटा असेलही. पण लोंढा त्याआधीच सुरू झाला होता.

मग ते निघाले कशामुळे? युद्धाचं पाचवं वर्ष चालू होतं. शेजारच्या लेबनॉन आणि जॉर्डनमध्ये आसरा घेतलेल्या सिरियनांपैकी कायदेशीर कामाची परवानगी जवळपास कुणालाच नव्हती. त्यातच त्यांना अन्नमदत देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा निधी आटला. लेबनॉनमध्ये माणशी महिन्याला जेमतेम साडेतेरा डॉलर हातावर पडू लागले, म्हणजे तेव्हाच्या भावाने नऊशे रुपयांच्या आत. महिनाभराचं जेवण त्यात भागवायचं! सप्टेंबरात तर जॉर्डनमध्ये छावण्यांबाहेर राहणाऱ्या 2 लाख 29 हजार निर्वासितांची अन्नमदत पूर्ण बंद झाली. जर्मनीवर बोट ठेवणाऱ्या पोस्टींत यातलं काहीच नसतं, याचा मला खरोखर राग येतो.

राहिला सीमेवर कुंपण घालून लोकांना अडवायचा मुद्दा. हंगेरीने 15 सप्टेंबरला सर्बियाची सीमा बंद केली. दुसऱ्याच दिवशी लोक क्रोएशियाकडे वळले. ऑक्टोबरात हंगेरीने तीही सीमा बंद केली, तर रांगा स्लोव्हेनियात लागल्या.

म्हणून धोरणांचा परिणाम शून्य असतो, असं मी म्हणत नाही. अर्थतज्ज्ञ टिमथी हॅटन यांच्या अभ्यासानुसार 2001 ते 2006 या काळात विकसित देशांत आश्रयासाठीचे अर्ज जे घटले, त्यातली सुमारे एक तृतीयांश घट कडक धोरणांमुळे होती. सीमेवर अडवण्याचा आणि अर्ज नामंजूर करण्याचा परिणाम त्यांना दिसला, आश्रितांच्या सोयी कापण्याचा दिसला नाही. मार्च 2016 मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानाशी करार केल्यावर तुर्कस्तान आणि ग्रीसमधल्या एजियन समुद्रातल्या बोटीही झपाट्याने कमी झाल्या. पण म्हणून सिरियन घरी परतले नाहीत. तुर्कस्तानात त्यांची नोंद 2015 अखेर 25 लाख होती, ती 2017 अखेर 34 लाखांवर गेली.