सुलतानच्या पायाला डायपर का बांधला होता: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय आधी पुतण्याने वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. सगळ्यात आधी माफी मागतो. तुम्ही फोटो बघून मुलीसाठी पांढरा घोडा, म्हणजे आमचा सुलतान, आठ दिवस आधी सांगून ठेवला होता. माथेरानात गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीपासून चालत तबेल्यापर्यंत आल्यावर तुम्हाला कळलं की तो मिळणार नाही. सकाळीच फोन करायला हवा होता, तो माझ्याकडून राहिला. आगाऊ दिलेले ५०० रुपये त्याच दिवशी परत केले आहेत. मुलीचा हिरमोड झाला याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण पुढे तुम्ही लिहिलंय: ‘आजारी घोड्याला दवाखान्यात न नेता लहान मुलाचा डायपर आणि चिकटपट्टी गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता. एक माणूस सुरीने त्याचा पाय कापत होता. बाकीचे घोडे हरभरा खात होते, याला नुसतं गवत. असल्या लोकांकडे जाऊ नका.’ सोबत त्या डायपरचा फोटो. तो फोटो बघून दिवाळीच्या सुट्टीतली तीन बुकिंग रद्द झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आदल्या संध्याकाळी सुलतान पॅनोरमा पॉइंटवरून नीट चालत आला होता. सकाळी साडेपाचला चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, टाकायला गेलो तर तीन पायांवर उभा. पुढचा उजवा पाय नुसता टोकावर टेकवलेला. आदल्या दिवशी धड असलेलं जनावर रात्रीत एवढं लंगडं झालं की नवख्या माणसाला हाड मोडलं असंच वाटतं. मी पाय उचलून खुराला हात लावला, तर डाव्यापेक्षा उजवं खूर चांगलंच गरम. खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं ठेवली तर नाडी उडत होती. पाय वरून कुठेही सुजलेला नव्हता. खुरात पू धरला होता, ताई. आमच्याकडे पाऊस संपता संपता हे होतंच. चार महिने ओल्यात राहून खूर मऊ पडतं, मग ऊन लागून ते सुकतं आणि तळव्याच्या कडेला बारीक फट पडते. त्यातून जांभ्या दगडाचा एखादा कण, माती आत शिरते आणि आत गळू होतं. माणसाच्या बोटाला गळू झालं तर कातडी ताणते, फुगायला जागा असते. खूर कडक, त्यामुळे पू आतच कोंडतो आणि ठणका लागतो. मग जनावर पाय टेकवतच नाही.

सहा वाजता डॉक्टरांना फोन लावला, त्यानंतर नाल ठोकणाऱ्या नालबंदाला. त्या गडबडीत तुमचा फोन राहिला, हे आधीच कबूल केलंय.

तुम्ही दहाच्या सुमारास आलात तेव्हा नालबंद काम करत होता. त्याने नाल काढली, चिमट्याने तळवा थोडा थोडा दाबत गेला. एका जागी सुलतानने पाय हिसकावला. तिथे केसाएवढी काळी रेघ होती. तीच रेघ धरून तो वाकड्या सुरीने खरवडत आत गेला आणि करड्या-काळ्या रंगाचा, घाण वासाचा पू बाहेर आला. तुमच्या मुलीने नेमकं तेच पाहिलं. ते रक्त नव्हतं. खुराचा बाहेरचा थर आपल्या नखासारखा असतो, तो कापताना दुखत नाही. दुखत होता तो आतला दाब. पू निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सुलतानने मान खाली सोडली आणि पाय जमिनीला लावला. तेवढं बघायला तुम्ही थांबला असता तर बरं झालं असतं.

आता डायपरचं. पू काढला की काम संपत नाही. ते भोक खालून उघडं राहिलं पाहिजे, आतला उरलेला पू झिरपत राहिला पाहिजे आणि बाहेरची लीद-माती आत जाता कामा नये. म्हणून आधी कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून वीस मिनिटं पाय बुडवायचा. मग गव्हाचा कोंडा आणि तेच मीठ गरम पाण्यात कालवून पोटीस करायचं आणि तळव्याला लावायचं. ते जागेवर राहायला वरून डायपर. डायपर पू शोषून घेतो, खुराच्या आकारावर नीट बसतो आणि बाहेरून ओल आत येऊ देत नाही. त्यावर क्रेप बँडेज. सगळ्यात वर ती चंदेरी चिकटपट्टी, आडवी-उभी चार-पाच थर, कारण पावणेतीनशे किलोचं जनावर त्यावर उभं राहणार असतं. खूर संपून केस सुरू होतात त्या रेषेच्या वर पट्टी जाऊ द्यायची नाही, नाहीतर रक्त अडतं. तुमचा फोटो मोठा करून बघा, पट्टी खुरावरच थांबलेली आहे. ते माझ्या बायकोचं काम आहे. सगळ्यात मोठ्या मापाचा डायपर लागतो आणि सकाळ-संध्याकाळ बदलायचा म्हणजे दिवसाला दोन जातात. माझे वडील गोणपाट आणि चिंध्या बांधायचे, त्या तासाभरात चिंब व्हायच्या आणि पुन्हा पू धरायचा. डायपर सुचवला तो डॉक्टरांनीच. आम्ही स्वस्तात भागवलं असं तुम्हाला वाटलं, ते मनाला फार लागलं.

दवाखान्यात का नेलं नाही, याचंही सांगतो. माथेरानमध्ये घोडा न्यायला गाडी नाही हे तुम्ही चालत आलात तेव्हा पाहिलंच आहे. ई-रिक्षा माणसांसाठी आहे. सुलतानला तीन पायांवर दस्तुरीपर्यंत चालवायचं, तिथे टेम्पोत चढवायचं आणि नेरळच्या घाटातली वळणं उतरवायची, हे त्याच्यासाठी जास्त वाईट झालं असतं. म्हणून डॉक्टर वर आले. दुपारी दोनला आले, तुम्ही तेव्हा निघून गेला होता. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याला धनुर्वात लवकर होतो आणि झाला तर वाचणं कठीण. दोन दिवस वेदना कमी करायचं औषध दिलं. अँटिबायोटिक दिलं नाही. पू वाहून गेलाय आणि वर पायाला सूज नाही, त्यामुळे आत्ता गरज नाही असं ते म्हणाले.

तो कोपरा तबेल्यातला सगळ्यात कोरडा आहे. तिथे गुडघाभर गवत अंथरलं होतं, कारण एक पाय दुखत असला की सगळा भार दुसऱ्या पायावर येतो आणि तो पायही बिघडू शकतो. हरभरा बंद केला होता तेही मुद्दाम. नुसत्या उभ्या घोड्याला कामावरची चंदी दिली तर त्याचं पोट धरतं, पाय आखडतात. गवत मात्र हवं तेवढं होतं. पाच घोड्यांवर आमचं घर चालतं. त्यातल्या एकालाही उपाशी ठेवून मी जेवलेलो नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. मी नाही म्हटल्यावर तुमच्या सोबतच्या दादांनी मला दोनदा विचारलं, ‘थोडंसंच लंगडतोय ना, एक एको पॉइंट करून आणा, पैसे जास्त घ्या.’ तुम्ही शेजारीच होता. मी त्याच्यावर मुलीला बसवलं नाही. दिवाळीच्या हंगामात एका घोड्याचा दिवस मोडणं म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही घोडेवाल्याला विचारा. सुलतान नऊ दिवस उभा होता. पहिल्या तीन रात्री मी तबेल्यातच झोपलो. आणि क्रूर म्हणून नाव माझं लिहिलं गेलं.

तुम्हाला दिलेली तांबडी घोडी ‘म्हातारी’ नाही, चौदा वर्षांची आहे आणि लहान मुलांसाठी तिच्याइतकी शांत घोडी माझ्याकडे दुसरी नाही. पण हे आधी सांगायला हवं होतं, तेही राहिलं.

आता बुकिंगच्या दिवशी घोडा बदलला तर सकाळी सातच्या आत फोन करायचा असं घरात ठरवलंय, पुतण्याकडे ते काम दिलंय. आजारी जनावर येणाऱ्या मुलांच्या समोर राहणार नाही अशी काहीतरी सोयही करतो, जागा कमी आहे पण बघतो.

दहाव्या दिवशी तळव्याला चामड्याचा तुकडा लावून नवीन नाल ठोकली. भोक अजून पूर्ण भरलेलं नाही, खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतं त्यामुळे वेळ लागेल. सध्या त्याला फक्त मऊ लाल मातीच्या वाटेने फिरवतो, पेव्हर ब्लॉकच्या कडक रस्त्यावर नेत नाही. काल तो शार्लोट लेकपर्यंत स्वार न घेता जाऊन आला, चारही पाय सारखे टाकत.

तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. बुकिंगच्या गोंधळाबद्दल जे लिहिलंय ते तसंच राहू द्या, ते खरं आहे. फक्त त्या फोटोखाली एवढं लिहा की ती पट्टी उपचाराची होती. मुलगी गाजर आणून कट्ट्यावर ठेवून गेली होती, ते संध्याकाळी सुलताननेच खाल्लं, तिला सांगा.