बॅज आहे म्हणून मीटर नको, हे साफ चुकीचे

औद्योगिक रेडिओग्राफीच्या, म्हणजे किरणोत्सारी स्रोताच्या किरणांनी धातूचे जोड तपासण्याच्या, कामावरील मंडळींमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. छातीवर टीएलडी बॅज (अंगाला लागलेल्या किरणांची मात्रा नोंदवणारा बिल्ला) असला की किरणोत्सारापासून संरक्षण मिळते, मात्रा वाढली तर बॅज लगेच कळवतो आणि किरण मोजणाऱ्या मीटरने शून्य दाखवले की निर्धास्त पुढे जावे, असे त्यात म्हटले आहे. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि वेल्डचे जोड तपासायला नव्याने आलेली मुले त्यांवर विसंबतात, याची मला मनापासून काळजी वाटते.

बॅज एकही किरण अडवत नाही. त्याच्या आत धातूच्या पट्टीवर डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर त्यांतून जो प्रकाश बाहेर पडतो, त्यावरून मात्रा काढली जाते. आपल्याकडे बॅज साधारणपणे तीन महिन्यांनी बदलतात, त्यामुळे ‘लगेच कळवतो’ हा दावाही टिकत नाही. शिवाय बॅज सांगतो ती छातीजवळची मात्रा. पेरूमधील यानांगो येथे 1999 साली एका वेल्डरने कॅमेऱ्यातून, म्हणजे स्रोत ठेवण्याच्या कवच असलेल्या पेटीतून, सुटलेला इरिडियम-192चा किरणोत्सारी स्रोत उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला, आणि पुढे त्याचा पाय कापावा लागला. छातीवरच्या बॅजवरून मांडीला लागलेल्या मात्रेचा अंदाज आला नसता.

सर्वांत घातक आहे ते शून्याबद्दलचे विधान. बॅटरी उतरली असली तरी काटा शून्यावरच असतो. त्याहून वाईट म्हणजे, मीटरमधील गायगर-म्युलर या किरण टिपणाऱ्या नळीला एक किरण नोंदवल्यावर पुन्हा सज्ज व्हायला सुमारे 100 मायक्रोसेकंद लागतात, आणि स्रोत अगदी जवळ असेल तर नळीतले विद्युत स्पंद एकमेकांत मिसळून, हे टाळण्याची सोय नसलेल्या जुन्या मीटरचा काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. म्हणून मीटर लांबूनच सुरू करून, काटा कसा चढतो ते पाहत जवळ जायचे असते. काम सुरू करण्याआधी मीटर कॅमेऱ्याला टेकवून पाहावा. स्रोत आत बंद असतानाही कवचातून थोडे किरण बाहेर येतातच, त्यामुळे काटा हललाच पाहिजे. तो हलला नाही, तर त्या मीटरवर काम सुरू करू नये. क्रँक फिरवून स्रोत परत आत घेतल्यावरही कॅमेरा आणि गाइड ट्यूब (स्रोत ज्या नळीतून बाहेर जातो ती) टोकापर्यंत तपासून मगच फिल्म काढायला जावे.