जरासं डावीकडे

समोरच्या झाडाने दोन पावसाळ्यांत आमच्या इंटरनेटची वाट अडवली. आमचं इंटरनेट दूरच्या टॉवरवरून गच्चीवरच्या अँटेनात येतं. त्या अँटेनाला टॉवर थेट दिसावा लागतो, मध्ये नुसती फांदी आली तरी त्याचं बिनसतं. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत मुरतात, त्यामुळे सर येऊन गेली की आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे पडद्यावर गोठायचे. ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्या माणसाची आठवडाभर वाट पाहून मी जाहीर केलं, अँटेना मीच हलवतो. त्यात काय, चार बोल्ट तर आहेत!

चार बोल्ट खरंच पटकन निघाले. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या खांबावर अँटेना चढला, केबलही पुरली. राहिली फक्त दिशा. टॉवर ४ किलोमीटरवर. इथे एक अंश चुकलं की तिथे नेम ७० मीटर हुकतो. एक अंश म्हणजे किती, तर मला शिंक आली तेवढं.

लेक खाली लॅपटॉपवर आकडा बघून मला व्हिडिओ कॉलवर सांगणार होती. मी अँटेना हलवला आणि कॉल तुटला. तो त्याच इंटरनेटवर होता, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच सुचलं. मग आरडाओरडा.

“वाढला!”

मी खूश होऊन नट आवळला.

“बाबा, वाढला म्हणजे वाईट! सत्तरचा ऐंशी झाला!”

सिग्नल मोजतात उणे आकड्यात. उणे ऐंशीपेक्षा उणे साठ बरा. हे गच्चीवरून जिन्यात ओरडून समजून घेणं अवघड, म्हणून ठरलं : चांगलं असेल तर ‘हो’, बिघडलं तर ‘बाबा’. पुढचा अर्धा तास शेजाऱ्यांनी नुसतं ‘बाबा, बाबा’ ऐकलं.

उणे ७४ वर जरा थारा मिळाला. डावीकडे नेलं की बिघडे, उजवीकडे नेलं की बिघडे. जमलं म्हणून मी घाम पुसला. पण अँटेना मुख्य झोताच्या आजूबाजूलाही थोडा थोडा सिग्नल सांडत असतो. गड समजून मी शेजारच्या टेकडीवर झेंडा रोवून बसलो होतो. आणखी बराच फिरवल्यावर उणे ५८ आला. फरक १६ डेसिबलचा, म्हणजे ताकद चाळीसपट. १६ हा आकडा दिसतो किती गरीब!

कौतुकाने मी समोर जाऊन अँटेनाकडे पाहिलं.

“बाबा!”

बाजूला झालो.

“हो!”

पुन्हा समोर. “बाबा! तू तिथे नसलास की छान चालतंय.”

आता फक्त नट आवळायचे. प्रत्येक वेढ्यासरशी अँटेना नव्या सुनेसारखा हळूच मान वळवी. हा अर्धा वेढा, तो अर्धा वेढा, असं करत शेवटच्या नटाला आलो. आकडा ५८ वरच. आणि पाना नट आणि पट्टीच्या मध्ये अडकला. जोर लावला तर तो निघाला असता, पण मी हळूच हात काढून घेतला.

पाना अजून वरच लटकतोय. परवा सायकल दुरुस्त करायला मी नवा आणला.