गाळ्याची सिक्युरिटी टाइट करायचीय? मग हे वाचाच

शेजारच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चोरी झाली आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "आपणही काहीतरी केलं पाहिजे" असे मेसेज पडायला लागले, की घाबरू नका. साकीनाक्यापासून लोअर परळपर्यंत सगळे जे करतात तेच करायचं.

आधी वॉचमन. तीन एजन्सींची कोटेशनं मागवा आणि न वाचता सगळ्यात कमी आकड्यावर टिक मारा. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, लायसन लागतं, गार्डला ट्रेनिंग द्यावं लागतं वगैरे, पण असलं विचारून एजन्सीवाल्याला कशाला अवघडायचं, निळा शर्ट आणि खांद्यावर शिट्टीची दोरी असली की झालं ट्रेनिंग. ड्युटी बारा तास, रिलीव्हर, म्हणजे बदली वॉचमन, आला नाही तर तेच मामा दिवसाही बसतील, नाहीतरी त्यांना जायचंय कुठे. आणि नुसतं गेटवर बसवून पगार देऊ नका हां. शेठची गाडी पुसणं, पाण्याचा पंप, पार्सलं वर पोचवणं, खालच्या टपरीवर चहा सांगणं, यातून वेळ उरला तर सुरक्षा. काही गेलंच तर "वॉचमन काय करत होता?" हे मीटिंगमध्ये ज्याची गाडी तो पुसत होता त्यानेच ओरडून विचारायचं.

रजिस्टर तर पाहिजेच. लांबडं, पुठ्ठ्याचं, सुतळीने बांधलेलं पेन आणि त्यातली रिफिल संपलेली. येणाऱ्याने नाव नुसतं "राजेश" लिहावं, मोबाइलचे नऊच आकडे टाकावेत, कारणाच्या रकान्यात वरच्याच्या "काम"खाली डिटो. बाहेर जायची वेळ कोणी लिहीत नाही, त्यामुळे रजिस्टरप्रमाणे गेल्या दिवाळीपासून आलेली सगळी माणसं अजून तुमच्या बिल्डिंगमध्येच आहेत. पाठीवर डिलिव्हरीची बॅग असेल त्याला अजिबात अडवायचं नाही, जेवण थंड होतं. अडवायचं ते वर्षानुवर्षं त्याच गाळ्यात बसणाऱ्या अकाउंटंट बाईंना, "मॅडम, एंट्री करा."

आता मेन आयटम, कॅमेरे. भरपूर लावा, आणि कॅमेऱ्यापेक्षा "आपण सीसीटीव्हीच्या निगराणीत आहात" हा बोर्ड मोठा घ्या. एक लिफ्टसमोर, एक चेअरमनच्या पार्किंगवर, एक कॉमन नळावर. मागच्या गल्लीत जिथे टेम्पो लागतात आणि सगळा माल चढतो-उतरतो तिथे वायर पोचत नाही असं वायरिंगवाला म्हणाला, मग राहू दे. एकदा लावले की लेन्स पुसायची नाही. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, तो लेन्ससमोरच जाळं विणतो आणि ते जाळं असं पांढरंशुभ्र चमकतं की मागे कोण उभं आहे ते दिसायचा प्रश्नच नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या इस्टेटचं फुटेज बघायला सगळी कमिटी बसली, तर रात्रभरात हालचाल एकाच इसमाची, आणि त्याला आठ पाय.

डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा डबा, वॉचमनच्या टेबलावर ठेवा, उघडाच, गणपतीच्या फोटोखाली. चोर मालाबरोबर तोही उचलेल, म्हणजे चोर आणि पुरावा एकत्रच सापडतील, पोलिसांचाही त्रास वाचला. पासवर्ड बसवणाऱ्या पोराने टाकला तोच ठेवा, तो त्यालाच माहीत आणि त्याने नोकरी सोडून जमाना झाला. डीव्हीआरचं घड्याळ चुकलंय? चुकू दे. फुटेज कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लागतं, त्यावर सही करताना चोरी १ जानेवारी २००० ला झालेली दिसली तर कोर्टालाही जरा विरंगुळा.

शटरला दोन्ही टोकांना दोन भलीमोठी कुलपं लावा, मधलं गंजलंय ते गंजू दे. चादर गँगवाले समोर चादर धरून आडोसा करतात आणि शटर मधनंच वाकवतात असं पेपरात येत असतं, पण आपल्याकडे बोर्ड आहे ना.

राहिला मागचा जिना. चोर तिथूनच येणार, तेव्हा त्याला साखळी आणि कुलूप. किल्ली मामांकडे, मामा वर पार्सल द्यायला गेलेले. उरलेल्या जागेत खोके रचा. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, मग पालिकेचे हातोडे फिरले, भराभर जिने मोकळे झाले, आणि नंतर हळूहळू खोके परत आले, बिचारे जाणार कुठे, मुंबईत जागेचे भाव काय आहेत. जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यायचा असतो, तेवढ्यापुरते खोके गच्चीवर न्यावेत.

एवढं करूनही चोरी झाली तर तातडीची मीटिंग लावा आणि मामांना काढा. त्याच एजन्सीकडून त्याच पगारात दुसरे मामा येतील, ते बहुतेक दुसऱ्या इस्टेटमधून असेच काढलेले असतील, म्हणजे अनुभवी. मागच्या गल्लीत दिवा लावूया असं कोणी म्हणालंच तर फंड नाही, लॉबीच्या ग्रॅनाइटचं पेमेंट बाकी आहे. गेटवर मेटल डिटेक्टरची चौकट मात्र घ्याच, मॉलमध्ये असते ना तशी, भाडेकरूंवर इंप्रेशन पडतं. तिथे प्लग पॉइंट नाही म्हणून अडून बसू नका, चौकट विजेशिवायही उभी राहते.