रेल्वे कोणी दिली यापेक्षा ती कोणाला शिकू दिली

दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी, हे सगळं कोणीतरी टाकतं आणि अर्ध्या तासात दोन गट पडतात. एक म्हणतो इंग्रज आले नसते तर आपण अजून बैलगाडीत असतो, दुसरा म्हणतो उपकार कसले, कापूस बंदरात न्यायला आणि फौज हलवायला बांधली, पैसा आपला आणि नफा त्यांचा. यंदा त्यात बुलेट ट्रेन पण आली. तेव्हा इंग्रजांपुढे वाकलो आता जपान्यांपुढे वाकतोय असं एकाने लिहिलं, त्यावर दुसऱ्याने लोकलच्या दारातून माणसं पडून मरतायत आणि तुम्हाला बुलेट ट्रेन सुचते असं सुनावलं, आणि मग दोघांनी मिळून मला टॅग केलं की तू तर तिकडेच राहतोस, तू सांग.

तर सांगतो. ग्रुपवर एवढं मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी मूळचा कर्जतचा. बाबा रेल्वेत फिटर, कल्याणच्या लोको शेडला, आणि लहानपणी कर्जत स्टेशनवर पुण्याच्या गाडीला मागून बँकर, म्हणजे घाटात ढकलायला जोडतात ते जादा इंजिन, लागताना बघणं हाच आमचा टाइमपास होता. ते इंजिन मागून येऊन टेकलं की सगळ्या डब्यांतून एक धक्का पुढपर्यंत जायचा, आणि मग गाडी घाट चढायला निघायची. आता गेली अकरा वर्षं मी इंग्लंडच्या उत्तरेला डार्लिंग्टनला राहतो, म्हणजे अगदी त्या गावात जिथे हे सगळं सुरू झालं असं म्हणतात. स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वे २७ सप्टेंबर १८२५ ला सुरू झाली, त्याला २०२५ मध्ये दोनशे वर्षं झाली आणि पहिल्या लोकोमोशन नावाच्या इंजिनाची प्रतिकृती परत रुळावर धावली. मी मुलीला खांद्यावर घेऊन बघायला गेलो होतो. बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते, ते जवळच्या शिल्डन गावातल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेले, आणि ते तिला सांगत होते की बाई तो धूर बघू नकोस, ती चाकं कशी जोडलीत ते बघ.

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण इथे राहून मला जी गोष्ट सगळ्यात जास्त जाणवली ती हीच आहे. आपण घरी म्हणतो "इंग्रजांनी रेल्वे आणली", पण इथल्या खाणींच्या भागात फिरलं की कळतं की "इंग्रज" म्हणजे लंडनचे लॉर्ड नव्हते, ती खाणीवरची माणसं होती, पंपाला कोळसा घालणारी. जॉर्ज स्टीफन्सनचा जन्म १७८१ चा, वायलम गावात, वडील खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनावर फायरमन. ज्या घरात जन्मला ते अजून आहे, चार कुटुंबं त्या एका घरात राहायची, यांच्या वाट्याला एक खोली. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हतं. मग पगारातून पैसे देऊन रात्री शिकला, वरखर्चाला लोकांचे बूट आणि घड्याळं दुरुस्त करायचा, आणि शनिवारी खाणीचं काम बंद झालं की इंजिन खोलून परत जोडायचा, कशासाठी तर आत काय चालतं ते कळावं म्हणून. स्वतःच्या मुलाला, रॉबर्टला, न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातलं आणि मुलगा घरी पुस्तकं आणायचा त्यातून बाप पण शिकायचा.

हे काही सोपं गेलं नाही त्याला. १८२५ सालीच लिव्हरपूल-मँचेस्टर लाइनचं बिल पार्लमेंटच्या कमिटीपुढे आलं तेव्हा त्याला उभं करून वकिलांनी सोलून काढला, त्याच्या उत्तरेकडच्या बोलीसकट. सर्व्हेत चुका होत्या, त्याला धड उत्तरं देता आली नाहीत, बिल पडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्यांचा सर्व्हे लावून ते पास झालं आणि बांधायला परत यालाच बोलावलं. १८२९ च्या ऑक्टोबरमध्ये रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली, पाचशे पौंड बक्षीस, त्यात बाप-लेकांचं रॉकेट जिंकलं. त्याच्या बॉयलरमध्ये एक मोठी नळी ठेवण्याऐवजी पंचवीस तांब्याच्या नळ्या होत्या, गरम हवा त्या सगळ्यांतून जाते म्हणजे पाण्याला उष्णता लागायची जागा कितीतरी वाढते आणि वाफ भराभर होते. ही कल्पना हेन्री बूथची, तो त्या रेल्वे कंपनीचा खजिनदार होता, इंजिनिअर पण नव्हता!

पण माझा जीव खरं तर टिमथी हॅकवर्थवर आहे. तो पण वायलमचाच, स्टीफन्सनपेक्षा पाच वर्षांनी लहान. डार्लिंग्टनची लाइन उद्घाटनाला चालली ते ठीक, पण रोज चालवायची कोणी? इंजिनं बंद पडायची, पहिली काही वर्षं त्याच रुळावर घोडे पण गाड्या ओढायचे, १ जुलै १८२८ ला लोकोमोशनचाच बॉयलर फुटला आणि जॉन क्री नावाचा ड्रायव्हर मेला. हे सगळं शिल्डनच्या वर्कशॉपमध्ये बसून निस्तरणारा माणूस म्हणजे हॅकवर्थ. त्याने १८२७ मध्ये रॉयल जॉर्ज नावाचं सहा जोडलेल्या चाकांचं इंजिन केलं, कोळशाचं ओझं रोजच्या रोज ओढेल असं, आणि तेव्हा कुठे लोकांना पटलं की वाफ घोड्यापेक्षा बरी. रेनहिलला त्याचं सां परेल हरलं, वजन नियमापेक्षा जास्त होतं आणि एक सिलिंडर तडकला. तो सिलिंडर स्टीफन्सनच्याच कारखान्यात ओतलेला होता, त्यावरून इथे अजून वाद घालतात लोक. हरल्यावर ते भंगारात गेलं नाही, बोल्टनच्या लाइनवर वर्षानुवर्षं राबलं आणि आज शिल्डनच्या म्युझियममध्ये उभं आहे. स्टीफन्सन पाच पौंडाच्या नोटेवर आला. हॅकवर्थचं नाव शिल्डनच्या बाहेर फारसं कोणी काढत नाही.

आता घाटाकडे येतो. जीआयपी रेल्वेचा, म्हणजे बोरीबंदर-ठाणे लाइन बांधणाऱ्या कंपनीचा, सल्लागार इंजिनिअर म्हणजे हाच तो रॉबर्ट स्टीफन्सन, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली १८५० मध्ये चीफ इंजिनिअर म्हणून मुंबईला आला. म्हणजे वायलमच्या त्या एका खोलीपासून आमच्या कर्जतपर्यंत सरळ धागा आहे. भोर घाटाचं काम १८५६ ला सुरू झालं, १८६३ ला संपलं, सुमारे पंचवीस किलोमीटरचा चढ, पंचवीस बोगदे, मधे गाडी उलटी फिरवायचं रिव्हर्सिंग स्टेशन. काम चालू असताना खोपोली ते खंडाळा लोक पालखीतून नाहीतर तट्टावरून जायचे. १८६१ मध्ये बेचाळीस हजारांवर माणसं एकाच वेळी कामावर होती. सुरुंग, कडे कोसळणं, पण सगळ्यात जास्त कॉलरा. मेलेल्यांचा अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा काँट्रॅक्टर १८५९ मध्ये आला आणि काही आठवड्यातच वारला, मग त्याची बायको अॅलिस हिने काम पुरं करून घेतलं, बर्कली तर घाट उघडण्याआधी बेचाळिसाव्या वर्षीच गेला. या सगळ्यांची नावं आहेत आणि असावीतच. जॉन क्रीचं नाव पण आहे, साधा ड्रायव्हर होता तो. आमच्या घाटातल्या पंचवीस हजारांपैकी एकाचंही नाव मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आणि माझं म्हणणं इथेच येतं. ग्रुपवरचा लुटीचा मुद्दा बरोबर आहे, भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरलं जायचं, म्हणजे लाइन तोट्यात गेली तरी लंडनच्या माणसाचं काही जात नव्हतं. पण त्याहून मोठी लूट मला वेगळी वाटते. बेचाळीस हजार माणसांनी त्या काळचा अतिशय अवघड रेल्वेमार्ग बांधला आणि त्यातल्या कोणाला शनिवारी इंजिन खोलून बघायची मुभा नव्हती. माती उचल, दगड फोड, सुरुंग भर, एवढंच. पुण्यात १८५४ ला इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं मिळावीत म्हणून, वरच्या जागा साहेबाच्या. मेल गाड्यांचे ड्रायव्हर कित्येक दशकं युरोपियन नाहीतर अँग्लो-इंडियन.

बुद्धी नव्हती म्हणावं तर त्याच मुंबईत अर्देसीर करसेटजी वाडिया होते, वाफेच्या यंत्रातले असे दर्दी की १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं, पहिले भारतीय. आणि नाना शंकरशेटांनी जमशेटजी जीजीभाईंबरोबर १८४५ लाच रेल्वेसाठी संस्था काढली होती. त्यामुळे "ते नसते तर बैलगाडी" हे मला अजिबात पटत नाही.

जपानचं बघा. आपली पहिली इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली. जपानचं पहिल्या नंबरचं इंजिन पण त्याच व्हल्कन फाउंड्रीतून गेलं, १८७१ मध्ये, आणि त्यांची टोकियो-योकोहामा लाइन १८७२ ची, म्हणजे आपल्यानंतर एकोणीस वर्षांनी. चीफ इंजिनिअर इंग्रज, एडमंड मोरेल. सुरुवात अगदी सारखी. पण तिकडे रेल्वेचा प्रमुख होता इनौए मासारु, स्वतः लंडनला शिकून आलेला, त्याने १८७७ मध्ये ओसाकाला रेल्वे इंजिनिअरांसाठी शाळा काढली आणि १८८० मध्ये क्योटोजवळचा ओसाकायामा बोगदा जपानी माणसांनी स्वतः पुरा केला. पुढे १८९३ मध्ये कोबेला पहिलं जपानी इंजिन तयार झालं, आणि ते करून घेणारा कोण तर रिचर्ड फ्रान्सिस ट्रेविथिक, ज्या ट्रेविथिकने १८०४ मध्ये वेल्समध्ये जगातलं पहिलं वाफेचं इंजिन रुळावर चालवलं त्याचा सख्खा नातू! आपलं अजमेरच्या वर्कशॉपमधलं इंजिन १८९५ चं. दोनच वर्षांचा फरक. म्हणजे हात आपले पण तयार होते. पण जपानने पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक इंजिनं घरीच करायला घेतली आणि आपल्याकडे ऑर्डरी इंग्लंडलाच जात राहिल्या, चित्तरंजनचं पहिलं इंजिन यायला १९५० उजाडलं. ठरवायचं कोणी, हा फरक होता. ते स्वतंत्र होते, आपण नव्हतो.

आता मी जिथे राहतो तिथून सात-आठ मैलांवर हाइंग्टन स्टेशन आहे. १८२५ मध्ये लोकोमोशन न्यूकॅसलहून घोडागाडीवर लादून आणलं आणि पहिल्यांदा रुळावर ठेवलं ते तिथे. जॉन क्री मेला तो पण तिथेच. त्या स्टेशनच्या बाजूला २०१५ पासून जपानच्या हिताचीचा गाड्यांचा कारखाना आहे, मी लंडनला जातो ती अझुमा गाडी तिथे जोडलेली असते. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून इंजिन मागवणारा देश आज इंग्लंडला स्टीफन्सनच्या अंगणात गाड्या बनवून देतो, आणि इथले कामगार त्यांच्याकडून शिकतात. त्यात त्यांना कोणी वाकलात असं म्हणत नाही.

म्हणून बुलेट ट्रेन जपानची आहे याचं मला वाईट वाटत नाही. मला विचारायचं असतं ते एवढंच की आपली किती माणसं ते काम आतून शिकून बाहेर पडतायत. रुळांच्या कामाचं ट्रेनिंग आपल्या इंजिनिअरांना मिळतंय, बंगळुरूच्या बीईएमएल या सरकारी कंपनीला ताशी २८० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्या बनवायची ऑर्डर २०२४ मध्ये मिळाली, या बातम्या मी शोधून शोधून वाचतो, आणि ग्रुपवर त्यांना एक लाइक पण मिळत नाही.

लोकलवाल्या मित्राचं मात्र शंभर टक्के खरं आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं पडली आणि मेली, ती आमच्याच सेंट्रल लाइनवरची. ९ जून हा स्टीफन्सनचा वाढदिवस, ते मला त्या रात्री बातमी वाचताना आठवलं आणि झोप लागली नाही. त्यानंतर साध्या लोकलला पण आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जाहीर झालं, पण एसी नसलेल्या डब्यात एवढी गर्दी आणि दारं बंद म्हणजे हवा कुठून येणार, म्हणून दारांना झरोके, छतातून हवा, डब्यातून डब्यात जायला वाट असं डिझाइन करायला घेतलंय. माझ्या मते आज देशातला सगळ्यात महत्त्वाचा रेल्वे इंजिनिअरिंगचा प्रश्न हा आहे आणि तो आपल्याशिवाय कोणी सोडवणार नाही, कारण ही गर्दी जपानने पण अशी बघितलेली नाही.

बाबांना फोनवर हे सगळं सांगत होतो, डिझाइनचा फोटो पण पाठवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला असणार, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हवेचं होईल रे, पण दार मिटताना मधे बॅग अडकली तर ते परत उघडायला किती सेकंद घेतं ते कुठे लिहिलंय? ते ऑफिसात बसून नको म्हणावं, संध्याकाळी साडेसहाला घड्याळ घेऊन कुर्ल्याला उभं राहा आणि मोजा.