कोब्रेच्या माउलीला बोललेला नवस

हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधला क्यूबातला म्हातारा कोळी म्हणजे ख्रिस्त, हे उत्तर आपल्याकडे इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेलं असतं. गाइडमधले मुद्दे ठरलेले. म्हाताऱ्याचं सांतियागो हे नाव येशूच्या कोळी शिष्याचं. दोरीने कापलेले तळहात म्हणजे क्रूसाच्या जखमा. खांद्यावर डोलकाठी घेऊन चढण चढताना तो पडतो, पुन्हा उठतो आणि शेवटी हात पसरून, तळवे वर करून पालथा झोपतो. लिहा, मार्क घ्या, विसरून जा.

तिकडे कॉलेजात शिकवणारा माझा एक मित्र परवा फोनवर सांगत होता की आता वर्गात वेगळाच सूर लागतो. ‘सर, हे ख्रिस्ती प्रकरण आपण कशाला शिकायचं?’ स्टाफरूममध्येही दोन तट. एकाला ही प्रतीकं म्हणजे जागतिक साहित्याची किल्ली वाटते, तर दुसऱ्याला ते परक्यांचं देवघर. मित्राने माझं मत विचारलं. मी मायामीत राहतो, म्हणजे जवळजवळ क्यूबातच, अशी त्याची समजूत. ती फारशी चूक नाही.

‘परकं’ या आक्षेपाबद्दल एवढंच म्हणतो. मराठीची थोरवी सांगताना आपण ‘रत्नांमाजी हिरा निळा’ ही ओवी हौसेने म्हणतो, ती फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाच्या ‘ख्रिस्तपुराणा’तली, १६१६ सालची. तरीही २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहूर उठलंच. ओवी आपली, फादर मात्र परके!

पण गाइडवाल्यांच्या बाजूनेही मला बोलवत नाही. त्याला कारण माझी शेजारीण. या क्यूबन आजींच्या घरात टीव्हीच्या वर कोब्रेच्या माउलीची, म्हणजे क्यूबातल्या कोब्रे गावच्या मेरीमातेची, तसबीर आहे, गाडीच्या आरशाला तिचंच पदक लटकतं. दर वर्षी ८ सप्टेंबरला त्या पिवळी फुलं घेऊन इथल्या ‘एर्मिता’त जातात. हे देऊळ अगदी खाडीच्या काठावर आहे. १९६१ मध्ये क्यूबातून बाहेर काढलेली मूर्ती तिथे ठेवलेली आहे आणि पलीकडे, समुद्रापार, क्यूबा. माउलीच्या पायाशी कायम एक होडी असते आणि होडीत तीन माणसं. कथा अशी की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मीठ आणायला निघालेल्या तिघांना निपेच्या उपसागरात ही मूर्ती तरंगताना सापडली. म्हणजे मुळात ही होडीवाल्यांची देवी. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांनी तिच्यात आपली नदीदेवी ओशून पाहिली, तेही कुणाला खटकलं नाही. निदान आजींना तरी नाही.

हे रोज बघितल्यावर ‘एका कोळियाने’ (पु.लं.नी मराठीत आणलं ते याच नावाने) पुन्हा वाचलं, तर नजर वेगळ्याच जागी थांबते. म्हाताऱ्याच्या झोपडीत भिंतीवर दोन चित्रं आहेत, येशूच्या पवित्र हृदयाचं आणि कोब्रेच्या माउलीचं. दोन्ही वारलेल्या बायकोची. बायकोचा फोटोही तिथे होता, पण बघितला की फार एकटं वाटायचं म्हणून त्याने तो काढून कोपऱ्यातल्या फळीवर, धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवलाय. देव भिंतीवर राहिले, बायको सदऱ्याखाली गेली. यात कसलं आलंय प्रतीक? हा संसार आहे.

आणि तो नवस! मासा गळाला लागलाय, डावा हात आखडलाय, तेव्हा म्हातारा म्हणतो की मी काही धार्मिक नाही, पण हा मासा मिळू दे. दहा वेळा ‘आमच्या बापा’ म्हणेन, दहा वेळा ‘नमो मारिया’ म्हणेन आणि कोब्रेची यात्रा करेन. लगेच प्रार्थनेला लागतो. ‘नमो मारिया’ म्हणायला सोपी पडते, हेही त्याच्या लक्षात येतं. प्रार्थना संपल्यावर बरं वाटतं, दुखणं मात्र तेवढंच राहतं, कदाचित थोडं जास्तच. पुढे अगदी जिवावर बेततं तेव्हा तो आकडा शंभरावर नेतो आणि वर सांगतो, आत्ता म्हणणं जमणार नाही, म्हटल्या असं धर. देवाशी उधारीवर बोलणारा हा माणूस मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. एकवीरेला नवस बोलणाऱ्या कोळ्याला तर मुळीच नाही.

उलट क्रूसाच्या खुणा मला पुस्तकातला कच्चा भाग वाटतात. शार्क दिसल्यावर म्हाताऱ्याच्या तोंडून ‘आय’ असा उद्गार निघतो आणि लेखक मध्ये येऊन सांगतो की तळहातातून खिळा लाकडात घुसताना माणूस असाच आवाज काढेल. इथे हेमिंग्वे वाचकाला कोपरखळी मारतो. त्याच हेमिंग्वेने १९५२ मध्ये, पुस्तक आलं त्याच महिन्यात, कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सनला पत्र लिहून कळवलं की यात प्रतीकं वगैरे काही नाहीत, समुद्र म्हणजे समुद्र आणि म्हातारा म्हणजे म्हातारा. खिळ्याचं वाक्य स्वतःच लिहून असं म्हणायचं, ही लबाडीच. पण नोबेलचं पदक त्याने कोब्रेच्या माउलीलाच वाहिलं. तिथे त्याचं म्हाताऱ्याशी नातं खरं दिसतं.

परदेशात सगळे शहाणे आहेत असंही नाही. फ्लोरिडातही शाळांच्या ग्रंथालयांतून कुठली पुस्तकं काढायची यावर पालक हमरीतुमरीवर येतात. आक्षेपांची यादी वेगळी, आवाज तोच.

मित्राला मी म्हटलं, वर्गात दुसराच प्रश्न टाक. मासा मिळाला, पण शार्कनी खाल्ला आणि किनाऱ्याला लागला तो सांगाडा. मग यात्रेचा नवस फेडायचा की नाही? पुस्तक याबद्दल अवाक्षर काढत नाही. मी आजींना विचारलं, तर त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. माउलीने मासा दिला, तो सांभाळणं म्हाताऱ्याचं काम होतं, यात्रा करायलाच हवी. मला हे पटत नाही. अठरा फुटी माशाचा सांगाडा हातात आलेल्या माणसाला निदान अर्धी सूट मिळायला हवी. आमचा वाद अजून चालू आहे.